कपाटातले नऊ दिवस

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला नवल वाटायला नको. एकतीस वर्षं मी मुलांच्या हाडांच्या हॉस्पिटलात बूट आणि कॅलिपर बनवते. कॅलिपर म्हणजे पायाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या, मांडीला आणि पोटरीला चामड्याचे पट्टे, खाली बूट. ज्या पायात जोर नाही त्याला उभं राहायला आधार. माझी खोली तळमजल्यावर, जिथं चादरी धुतात त्याच्या शेजारी. भिंतीवर पोरांच्या पायांचे प्लास्टरचे साचे ओळीनं टांगलेले असतात. नवीन आलेलं पोर ते बघून हमखास रडतं. मुलं मला बूटमावशी म्हणतात, मोठी माणसं नुसतं मावशी म्हणतात, आणि पाठीमागे काय म्हणतात ते मला चांगलं ठाऊक आहे.

हॉस्पिटल फुकट आहे. म्हणजे आईबापांना फुकट. बाकी कुणाच्या तरी खिशातून यावंच लागतं. ते आणायचं काम जिच्याकडे आहे तिला आम्ही दानबाई म्हणतो. बाई वाईट नाही. दिवसभर फोनवर लोकांपुढे पदर पसरते, नाही ऐकते, हसून आभार मानते आणि पुढचा नंबर फिरवते. मला हे एक दिवस जमलं नसतं. पहिल्याच नकाराला मी त्या माणसाच्या सात पिढ्यांचे हिशेब काढले असते.

वर्षातून एकदा ती देणगीदारांना हॉलमध्ये बोलावते. मागच्या वर्षी तिनं त्यांना पडद्यावर तक्ते दाखवले होते. किती ऑपरेशनं, किती खाटा, कुठला आकडा किती वर गेला. माणसं बिस्किटं खात मोबाईल बघत बसली आणि जाताना "छान काम आहे तुमचं" म्हणून गेली. त्या वर्षी मुलांच्या व्यायामाचा पाण्याचा तलाव बंद करावा लागला. आता त्यात मोडक्या खाटा ठेवल्या आहेत.

यंदा आमच्याकडे वकीलबाई होती. वय वर्षं आठ. दोन्ही गुडघे जन्मापासून वाकडे, कधी उभी राहिली नव्हती. दोन्ही पायांची ऑपरेशनं झालेली. नाव वॉर्डानं ठेवलेलं, कारण ती कुठलीही गोष्ट सरळ मान्य करायची नाही. डॉक्टर म्हणाले, "लवकरच चालशील." तर हिचा प्रश्न, "लवकर म्हणजे किती वाजता?" माप घ्यायला माझ्याकडे आली तेव्हा मी विचारलं, पट्टे कुठल्या रंगाचे हवेत. म्हणाली, एका पायाला लाल, एका पायाला निळे. मी म्हटलं, "असं कुणी घालतं का?" तर म्हणाली, "दोन पाय आहेत. दोघांना वेगळं वेगळं आवडू शकतं. तू विचारलंस का त्यांना?" मला अगंतुगं करायची. मला ते आवडायचं, पण मी तसं दाखवलं नाही.

तिच्यासोबत तिचा बाप होता. आई दोन दिवसांच्या प्रवासाइतकी दूर, घरी, अंगावर पिणारं बाळ घेऊन. बाप कुठल्याशा मोठ्या बांधकामावर क्रेन चालवायचा आणि बिनपगारी रजा काढून आला होता. उंचापुरा माणूस, पण खुर्चीत बसला तर अर्ध्याच खुर्चीत. सकाळी आपलं अंथरूण असं घडी करून ठेवायचा की कुणी तिथं झोपलं होतं हे कळू नये. हातात पाना घेऊन वॉर्डातल्या चाकाच्या खुर्च्या एकेक करून दुरुस्त करत बसायचा. कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, हौशी आहे.

बारा तारखेला, गुरुवारी, दुपारी चारच्या सुमाराला मी वकीलबाईचे कॅलिपर पुरे केले. कच्चं माप आठवड्यापूर्वीच घालून बघितलं होतं. आता शिवण, रिबिटा, बकलं, सगळं झालं. एक पाय लाल, एक निळा. आतल्या चामड्यावर नेहमीसारखी शाईनं तारीख टाकली. पोराचा पाय वाढतो, सहा महिन्यांनी पुन्हा बघावा लागतो, तारीख नसेल तर कळायचं कसं. मग हात पुसत उभी होते, तोच दानबाई दारात.

"हे वकीलबाईचे ना?"

"तिचेच. उद्या सकाळी घालणार."

"मावशी, बसू का जरा?"

ती बसायची परवानगी मागते तेव्हा पुढे काहीतरी मोठं मागायचं असतं, हे अख्ख्या हॉस्पिटलला माहीत आहे. बसली. म्हणाली, "एकवीसला शनिवारी हॉलमध्ये लोक येणार आहेत. तिला तिथं चालवू या. पहिल्यांदा."

"उद्या चालली की शनिवारपर्यंत चांगली सराईत होईल. चालवा की."

"तसं नाही. खरंच पहिल्यांदा." तिनं खुर्ची पुढे ओढली. "खोटं-खोटं पहिलं पाऊल मी कुणाला दाखवणार नाही, मावशी. ते लोकांना कळतं, पोराच्या चेहऱ्यावर दिसतं. म्हणून म्हणते, तोवर हे तुमच्याकडेच राहू देत. नऊ दिवसांचा तर प्रश्न आहे. डॉक्टरांना विचारलंय, पाय तोवर सरळ बांधून ठेवले तर काही बिघडत नाही म्हणाले."

मी म्हटलं, "ते पोर आहे, उद्घाटनाची फीत नाही."

ती रागावली नाही. तिनं फाइलीतून एक कागद काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. माझ्याच अक्षरातला होता. कॅलिपरसाठी थांबलेल्या मुलांची यादी, सव्वीस नावं, मीच दर महिन्याला वर पाठवत होते. बऱ्याच पोरांना कॅलिपरमध्ये पायाच्या आकाराचं प्लास्टिकचं कवच लागतं, आणि त्याचं पान तापवायची माझी भट्टी म्हातारी झाली आहे. मध्येच उसळते, पाचातली दोन पानं जळतात. मुलं चार-चार महिने थांबतात, तोवर पाय वाढतो, पुन्हा माप, पुन्हा साचा. नवीन भट्टी द्या म्हणून मी तीन वर्षं डोकं फोडत होते.

"ह्या शनिवारी जे येईल त्यातून आधी भट्टी," ती म्हणाली. "लिहून देते."

आता मला सांगा, मी काय म्हणायला हवं होतं? एका पोराचे नऊ दिवस आणि सव्वीस पोरांचे चार-चार महिने. मी हो म्हटलं. आम्ही दोघींनी चहा घेतला, आणि शुक्रवारी दुपारी जेवून आल्यावर मी कॅलिपर कापडात गुंडाळून कपाटात ठेवले.

वकीलबाई रोज निरोप पाठवायची. "बूटमावशीला विचारा, झाले का?" मी रोज उत्तर पाठवायची, "होतायत." होतायत म्हणणं खोटं नाही असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. माणूस स्वतःला फसवायला बसला की वकिलाची गरज पडत नाही.

सोमवारी बाराच्या सुमाराला तिचा बाप माझ्याकडे आला. दारातच उभा राहिला. आत या म्हटल्यावर एक पाऊल आत आला.

"मावशी, उद्यापर्यंत होतील का तिचे?"

"उद्याच कशाला?"

"उद्या अकराच्या गाडीनं निघतोय. रजा संपली. बुधवारी सकाळी क्रेनवर चढलो नाही तर तिथं दुसरा बसेल." तो जमिनीकडे बघत होता. "आज रात्री माझी बहीण येतीय तिच्याजवळ राहायला. म्हटलं, जायच्या आधी एकदा... होत असलं तर. नसलं तर राहू दे."

हे मला ठाऊक नव्हतं, देवाशप्पथ. नऊ आठवडे हा माणूस इथं होता तेव्हा तो कायमच इथं असणार असं मी धरून चालले होते. कपाट माझ्या पाठीशी होतं, हात मागे केला असता तर कडी लागली असती. माझ्या डोळ्यांपुढे ती सव्वीस नावं आली. खरं सांगायचं तर भट्टीही आली, नवी कोरी, काचेच्या दाराची.

"बकलं यायची आहेत अजून," मी म्हटलं.

"बकलं," तो म्हणाला. "हां."

मग म्हणाला, "घाई करू नका, मावशी. नीट बनवा. तिला टोचू नये, एवढंच."

आणि गेला. त्या दिवशी संध्याकाळी मी भाजीत दोनदा मीठ घातलं. आमचे हे पाणी पीत पीत जेवले, आणि हात धुताना म्हणाले, "काय झालंय ते उद्या निस्तरून ये, नाहीतर मी बाहेर जेवतो." मीठ दोनदा पडायला काय झालं होतं ते मी त्यांना सांगितलं नाही.

मंगळवारी सकाळी सव्वाआठला मी कामावर होते. कपाट उघडलं, कॅलिपर बाहेर काढले, कापड सोडलं. वॉर्ड दोन जिने वर. घालायला दहा मिनिटं. गाडीला पावणेतीन तास. तेवढ्यात दानबाईचा फोन आला, निमंत्रणं छापून आली, अमक्या कारखान्याचे मालक स्वतः येणार आहेत, मावशी तुमचे उपकार कसे फेडू. मी कॅलिपर हातात धरून ते सगळं ऐकलं, बरं म्हटलं, आणि परत गुंडाळून ठेवले. ह्यापेक्षा जास्त सांगण्यासारखं त्यात काही नाही. कुणी माझा हात धरला नव्हता.

साडेदहाला तो फाटकाकडे जाताना मला खिडकीतून दिसला. वकीलबाई चाकाच्या खुर्चीत, मागे आत्या. तो खाली बसला, तिच्याशी काहीतरी बोलला, उठला, चालायला लागला. ती त्याला ओरडून काहीतरी सांगत होती. काचेतून ऐकू आलं नाही. मी खिडकीपासून बाजूला झाले.

शनिवारी हॉल भरला. समोर दोन समांतर दांड्या आणून बसवल्या होत्या, व्यायामाच्या खोलीतल्या. मी तिला पडद्यामागे कॅलिपर घातले. ती पट्ट्यांवरून बोटं फिरवत होती, आधी लाल, मग निळे. एरवी तिचं तोंड बंद नसतं. त्या दिवशी मला फक्त एकदा विचारलं, "पडले तर?" मी म्हटलं, "पडलीस तर मी बनवलेले नाहीत असं सांगेन." तेव्हा हसली.

व्यायामवाल्या ताईंनी तिला दांड्यांमध्ये उभं केलं. हॉल चिडीचूप. तिनं उजवा पाय टाकला, तो लोखंडाचा एक बारीक आवाज झाला. मग डावा. तोंड घट्ट मिटलेलं, कपाळावर घाम, डोळे आपल्याच पायांवर. अकरा पावलं टाकली. नऊवर एकदा गुडघा डळमळला तेव्हा पहिल्या रांगेतले ते कारखान्याचे मालक खुर्चीतून अर्धे उठले, जणू धरायलाच निघाले. अकराव्याला ती दांडीच्या टोकाला पोचली आणि अख्खा हॉल उभा राहिला. लोक रडत होते. मीही रडले, खोटं कशाला सांगू. एकतीस वर्षांत किती पोरांना पहिलं पाऊल टाकताना बघितलंय, तरी दर वेळी रडते. दानबाईनं बरोबर ओळखलं होतं, असलं काही खोटं आणता येत नाही.

टाळ्या थांबल्यावर ती आत्याला म्हणाली, "नीट आलं ना मोबाईलमध्ये? बाबाला आत्ताच्या आत्ता पाठव."

त्या एका दुपारी मागच्या दोन वर्षांहून जास्त जमलं. भट्टी तर आलीच, तलावातल्या खाटाही निघणार होत्या.

सोमवारी तेवीस तारीख. मी सकाळी चामडं भिजत घालत होते. आत्या खुर्ची ढकलत आली. वकीलबाईच्या मांडीवर कॅलिपर. मला वाटलं टोचतायत कुठंतरी.

"काय गं, कुठं टोचलं?"

"टोचत नाही. रात्री काढून ठेवले तेव्हा मला आत काहीतरी लिहिलेलं दिसलं." तिनं बुटाची जीभ मागे ओढून दाखवली. "हे काय आहे?"

"तारीख आहे."

"कसली?"

"तयार झाले त्या दिवसाची." एकतीस वर्षं प्रत्येक आईबापाला मी हेच उत्तर देत आलेय. तोंडातून निघून गेलं. जिभेला हाड नसतं म्हणतात ते काही उगाच नाही.

मग तिनं बोटांवर मोजायला घेतलं, आणि मला कळलं की आता माझी धडगत नाही.

"बारा म्हणजे गुरुवार. बाबा सतराला गेला. बारा आधी येतात."

"हो."

"मग बकलं? बाबा म्हणाला, मावशींची बकलं यायची आहेत."

आत्या माझ्याकडे बघत होती. मी खोटं बोलू शकले असते. तारीख चुकून पडली, असं म्हटलं असतं तर कोण विचारणार होतं? पण त्या पोरीच्या तोंडाकडे बघून माझ्यानं ते झालं नाही. मी हात पुसले, तिच्यासमोर स्टूल घेऊन बसले आणि सगळं सांगितलं. हॉल, देणगीदार, भट्टी, सव्वीस मुलं. बकलं होती, तेही सांगितलं. ती सगळं ऐकून घेत होती, मध्ये एकही प्रश्न नाही. आठ वर्षांच्या पोरीसमोर मला असा घाम फुटेल असं कधी वाटलं नव्हतं.

माझं बोलून झाल्यावर तिनं दोन्ही कॅलिपर उचलून माझ्या टेबलावर ठेवले.

"मग हे तुमचे आहेत," ती म्हणाली. "तुमचे आणि हॉलमधल्या लोकांचे. ठेवा तुमच्याकडे."

तुमचे. ठेवा. मला माझ्या आयुष्यात कुणी इतक्या आदरानं हाकललं नव्हतं. आत्यानं खुर्ची वळवली आणि दोघी गेल्या.

मग तिनं कॅलिपर घालायलाच नकार दिला. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. ताईंनी समजावलं, डॉक्टरांनी समजावलं, आत्यानं आधी चॉकलेट दाखवलं आणि मग धपाटा दाखवला. पालथ्या घड्यावर पाणी. डॉक्टर माझ्या खोलीत आले. म्हणाले, "मावशी, आता पाय बांधलेलेही नाहीत. असे आठ-दहा दिवस गेले तर गुडघे पुन्हा आखडतील. पुन्हा टेबलावर घ्यावं लागेल. तिनं तुमच्या हातून ते घालायला हवेत, काहीही करा." ते गेल्यावर मी टेबलावरच्या लाल-निळ्या पट्ट्यांकडे बघत बसले. सव्वीस पोरांसाठी केलं म्हणत होते, आणि सत्ताविसाव्या पोरीचं चालणं माझ्याच हातानं जायला बसलं होतं.

मी दानबाईकडे गेले. ती आभाराची पत्रं लिहीत होती, टेबलावर चळत. तिला झालेलं सांगितलं. तिनं पेन खाली ठेवलं.

"तो मंगळवारी जाणार हे मला माहीत होतं, मावशी," ती म्हणाली.

माझा पारा चढला. "मग मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही नाही म्हटलं असतंत."

ह्यावर मी चांगली फैलावर घेणार होते तिला, तोंड उघडलंही होतं. पण बोलू काय? सोमवारी बारा वाजता मला कळलंच होतं की. मंगळवारी सव्वाआठला कॅलिपर हातातही होते. कुठं नाही म्हटलं मी? तिचा माझ्यावर माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता.

"त्याचा नंबर द्या," मी म्हटलं. "मी फोन करते. आधी त्याला सांगते, मग तिला तोंड दाखवते."

तिनं नंबर लिहून दिला. म्हणाली, "माझंही नाव सांगा. एकटीवर घेऊ नका."

गुरुवारी, त्याच्या जेवणाच्या सुट्टीची वेळ विचारून घेतली आणि आत्याला निरोप धाडला, की बाबाशी बोलायचं असेल तर पोरीला खाली आण. माझ्यासाठी ती आली नसती. बाबासाठी आली. दाराजवळच खुर्ची थांबवायला लावली, आत नाही. मी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. पलीकडून वारा आणि लोखंडाचे आवाज येत होते.

मी म्हटलं, "मी हॉस्पिटलातली बूटमावशी बोलतेय. पोरगी इथंच आहे, ऐकतेय. मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय, ते मध्ये न बोलता ऐका, नाहीतर माझ्यानं व्हायचं नाही."

आणि सांगितलं. कॅलिपर बारा तारखेलाच झाले होते. बकलांचं खोटं होतं. तुम्ही दारात उभे होतात तेव्हा ते माझ्या पाठीमागे कपाटात होते. तुमच्या पोरीचं पहिलं चालणं तुम्हाला बघायला मिळालं नाही, ते माझ्यामुळे. दानबाईचंही नाव सांगितलं, पण तिचं शेवटी आणि माझं आधी.



मग तो म्हणाला, "मावशी, मी बघितले होते ते."

"कुठं?"

"शुक्रवारी दुपारी विचारायला आलो होतो. तुम्ही जेवायला गेला होतात. टेबलावर होते. एक लाल, एक निळा. दुसऱ्या कुणाचे असणार?"

"मग सोमवारी मला विचारलंत ते काय म्हणून?"

"म्हटलं, बघावं. देतीलही."

"आणि मी नाही म्हटल्यावर? समोर धडधडीत खोटं बोलतेय हे कळत होतं ना तुम्हाला?" माझा आवाज चढला. चूक माझी आणि ओरडत होते मी त्याच्यावर. "मग भांडला का नाहीत? कपाट उघडायला का नाही लावलंत? बाप ना तुम्ही तिचे?"

"कुठल्या तोंडानं भांडू, मावशी?" तो अगदी शांतपणे म्हणाला. "ऑपरेशन फुकट. खाट फुकट. बूट फुकट. नऊ आठवडे मीसुद्धा तुमच्याकडेच जेवलो. माझ्या पोरीला तुम्ही पाय दिलेत. फुकट घेणाऱ्यानं हे आजच द्या, असंच द्या, कसं म्हणायचं? मला वाटलं, ह्यांना आपल्याकडून काहीतरी हवंय. आपल्याकडं दुसरं काय आहे? देऊन टाकावं."

मी खाली बसले. एकतीस वर्षं मी समजत होते की देणारे आम्ही. आम्ही आणि हॉलमधले ते लोक. त्या शनिवारी सगळ्यांत मोठी देणगी ह्या माणसाची होती, आणि ती त्यानं दिली नव्हती, आम्ही काढून घेतली होती. वर आभाराचं पत्रही त्याला गेलं नव्हतं. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि राग येण्यासारखं माझ्याशिवाय त्या खोलीत कुणी नव्हतं.

चाकांचा आवाज आला. वकीलबाई स्वतःच चाकं ढकलत टेबलापर्यंत आली होती. तिनं फोनवर तोंड जवळ नेलं.

"बाबा, तुला माहीत होतं?"

"हो गं."

"मग मला का नाही सांगितलंस?" तिचा आवाज फुटला. "मी भांडले असते ना. मला येतं."

तो हसत होता की काय करत होता ते त्या वाऱ्यात कळलं नाही. मग कुणीतरी लांबून त्याला हाक मारली, आणि तो म्हणाला, "चढायला हवं आता. ऐक, त्या व्हिडिओत तू फार छान चाललीस. पाच महिन्यांनी येतो, तेव्हा मला फाटकापर्यंत न्यायला ये. खुर्चीतून नाही."

"बघते," ती म्हणाली.

फोन बंद झाला. ती टेबलावरच्या कॅलिपरकडे बघत बसली. आत्या दारात डोळे पुसत होती. मी जागची हलले नाही, कारण माझ्या कुठल्याही हालचालीनं पुन्हा बिघडेल अशी भीती वाटत होती. बऱ्याच वेळानं तिनं एक कॅलिपर ओढून मांडीवर घेतला, मग पाय दोन्ही हातांनी उचलून त्यात सरकवला. बूट बसला. मांडीचा पट्टा आवळला. पोटरीचं बकल मात्र मागच्या बाजूला असतं, आपलं आपल्याला लावता येत नाही. तिनं दोनदा वाकून बघितलं, तिसऱ्यांदा बोट निसटलं.

माझा हात आपोआप पुढे गेला.

"थांब," ती म्हणाली. "आधी विचारायचं."

मी हात मागे घेतला. स्टुलावरून उतरून जमिनीवर गुडघे टेकले, तिच्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं.